वसुबारस आणि हौसेचे खुराडे

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशीच्या तिन्हीसांजेला सवत्स धेनूची पूजा होते आणि महाराष्ट्रात दिवाळीचा पहिला दिवा लागतो. सुवासिनी दिवसभर उपवास करतात, सायंकाळी गायीच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, तिला नैवेद्याचा घास भरवितात आणि मग बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाऊन उपवास सोडतात. या व्रताचा एक नियम मात्र शहरी घरांतून बहुधा विसरला गेला आहे. या दिवशी दूध, दही, ताक, तूप यांपैकी काहीही खावयाचे नसते. वर्षभर जिच्याकडून घेतले तिच्याकडून आज काही घ्यावयाचे नाही, आणि तरीही तिची सेवा चुकवावयाची नाही, असा अर्थ आम्हांस या नियमात दिसतो. जे जनावर आज काहीच देत नाही त्याचेही आपण देणे लागतो, हे ज्यास पटले त्याचेच व्रत पुरे झाले.

हे आज लिहावयाचे कारण आमच्या तळेगाव दाभाड्याच्या अवतीभवतीच आहे. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव, पुढे पैसा फंडाच्या काच कारखान्याने नावारूपास आले. आता ते पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या औद्योगिक पट्ट्यात ओढले गेले आहे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर मुंबईही जवळ आली. इंदोरी, सोमाटणे, उर्से, परंदवडी, सुदुंबरे या गावांच्या शिवारांत दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे तारेच्या कुंपणात गेले. आत टुमदार बंगली, आंब्याची चार झाडे, आणि एका कोपऱ्यात जाळीचे खुराडे. प्रथम कोंबड्या येतात, त्यांच्यामागून बदके, मग शेळीचे एखादे करडू. आणि हौस फार वाढली तर गाय. आठवडाभर यंत्राच्या घरघरीत राबलेल्या माणसास शनिवारी संध्याकाळी कोंबड्याची बांग ऐकावीशी वाटावी, यात नवल काहीच नाही. आम्हीही त्याच वाटेने गेलो. म्हणून पुढील शब्द परक्याचे नाहीत, भुक्तभोग्याचे आहेत.

या हौसेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. अंडे हे दुकानातल्या पुठ्ठ्याच्या तबकातून येते अशी समजूत असलेले मूल जेव्हा खुडूक कोंबडीखालचे अंडे एकविसाव्या दिवशी फुटताना पाहते, तेव्हा जे त्यास कळते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविता येत नाही. स्वयंपाकघरातील उष्टेखरकटे सत्कारणी लागते, परसातल्या वांगी-मिरचीस खत मिळते. हे सारे खरे आहे.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. पूर्वीच्या मावळी घरात कोंबड्या असत त्या गरजेपोटी. हाताशी पैसा नसताना अंडी विकून मीठमिरची येई. आज हौशी माणसास ती गरज नाही. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि त्यानंतरच्या काळात अंडी हा एक मोठा उद्योग झाला. तेथील कोंबडी वर्षाकाठी तीनशेच्या आसपास अंडी देते. आपली गावरान कोंबडी साठ ते ऐंशीवर थांबते. हिशेब मांडला तर घरचे अंडे विकतच्या अंड्यापेक्षा महागच पडते. मग आपण कोंबडी पाळतो ती केवळ आपल्या आनंदासाठी. शेतकऱ्याच्या हातून हेळसांड झाली तर त्याच्या गरिबीची सबब तरी सांगता येते. आपल्यापाशी कोणती सबब आहे? जो जीव आपण निव्वळ हौसेने दारी आणला, त्याच्याविषयीची जबाबदारी गरजेने पाळलेल्या जिवापेक्षा अधिक आहे, उणी नाही. आमचे सांगणे एवढेच आहे.

आमचीच चूक प्रथम सांगतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इंदोरीच्या बाजूस, भंडाऱ्याचा डोंगर समोर दिसेल अशा जागी आम्ही बारा गुंठे घेतले आणि एक दिवसाची पंचवीस पिल्ले आणली. कागदाच्या खोक्यातला तो पिवळा चिवचिवाट पाहून घरातली सगळी माणसे हरखली. पहिल्या आठवड्यात नाकाडोळ्यांत लसीचे थेंब घातले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. आठव्या आठवड्याच्या सुमारास जी लस टोचावयाची असते ती पाहुण्यारावळ्यांच्या गडबडीत राहून गेली. ऐन श्रावणात मानमोडी आली. हिमालयाच्या कुशीतील राणीखेत या गावाचे नाव या रोगास मिळाले आहे. पण कोंबडीची मान पिळवटताना ज्याने पाहिली त्यास मानमोडी हाच शब्द खरा वाटेल. पंख पडतात, हिरवट हगवण लागते, पाखरू स्वतःभोवती गरगर फिरते. या रोगावर उपचार नाही. आधी दिलेली लस हाच एक उपाय. चार दिवसांत आमच्या पंचवीसांपैकी एकोणीस तलंगा गेल्या. त्यांना नावे ठेवलेली होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो, पण अर्धेच. लसीची कुपी बर्फात घालून आणली. ही कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते, आणि एकदा कालवली की दोनएक तासांत संपवावी लागते. आमच्या कोंबड्या दहा. त्या दहांना लस देऊन उरलेली कुपी आम्ही फेकावयास निघालो, तेव्हा बांधापलीकडे भात खणीत असलेली शेजारची म्हातारी म्हणाली, "सायेब, तुमच्या धा कोंबड्यांचं झालं, माझ्या चौदा काय तुमचं कुंपण बघून माघारी जात्यात व्हय?"

त्या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले. रोगास सातबारा समजत नाही. आमच्या दाराशी मानमोडी आली ती कोणाच्या तरी परसातून आली असणार, आणि आमच्या खुराड्यातूनही ती कोणाच्या तरी घरी गेली असणार. आमची हानी हौसेची होती. त्या घरी गेली ती चार पैशांची शिल्लक. त्या दिवशी उरलेली लस आम्ही वाडीतल्या पाच घरांच्या कोंबड्यांना दिली, आणि तेव्हापासून ठरलेल्या दिवशी सर्वांनी मिळून एकच कुपी फोडावयाची असा प्रघात पडला. कुंपण घालून आपण गावाबाहेर राहतो असे वाटते. जनावर पाळले की आपण गावात येतोच.

आता दुसरा प्रश्न, जो कोणी विचारीत नाही. कोंबडी पाचसहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते, दोन वर्षे चांगली अंडी देते, मग ती हळूहळू आटतात. ती जगते मात्र पाच ते आठ वर्षे. मधल्या काळाचे काय? आम्ही येथे मांसाहाराविरुद्ध बोलत नाही. शेतकरी कोंबडा विकतो किंवा खातो, तो ते उघडपणे करतो आणि पाळतानाच त्यास ते ठाऊक असते. हौशी माणूस मात्र मुलांकडून कोंबडीस लाडके नाव ठेववितो, आणि अंडी बंद झाली की एखाद्या सोमवारी ती कोणाच्या तरी पोत्यात जाते. मुलांना सांगतात, मुंगसाने नेली. निर्णय कोणताही घ्यावा. तो पाळण्याआधी घ्यावा आणि घरात खरे सांगावे.

गायीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. आज आपण सवत्स धेनू पुजणार. ते वासरू कालवड असेल तर ठीक. खोंड असेल तर? भात खाचरांत चिखलणीला आता बैलांऐवजी यंत्र फिरते. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी होतीच, २०१५ पासून वळू आणि बैलही त्या बंदीत आले. तेव्हा हौसेच्या दारी जन्मलेला खोंड कोणीतरी पंधरा-वीस वर्षे पोसावयासच हवा. तो कोण पोसणार? भोसरीचे पांजरपोळ किती जणांची हौस पदरात घेणार? रात्री दोर सोडून त्यास रस्त्याच्या कडेस हाकलणे हा तर गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जनावर उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे दंडनीय आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! कायद्याची जरब एवढीच असल्यामुळे सारा भार माणसाच्या सदसद्विवेकावर पडतो. आज ज्या वासरास आपण ओवाळणार ते पुढल्या वसुबारसेला कोठे असेल, एवढा प्रश्न प्रत्येकाने आरती करताना स्वतःस विचारावा.

आणि या सर्व जनावरांचे खरे पालन करतो कोण? मालक शनिवारी येतो, रविवारी जातो. गायीस दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी आणि वीस-पंचवीस किलो हिरवा चारा लागतो. खुराड्यातील तुसाची गादी मावळच्या पावसात चार दिवसांत दमट होते. ती वरखाली केली नाही, चुना टाकला नाही, तर कोंबड्या आजारी पडतात. शेळ्यांना ओल मुळीच सोसत नाही, त्यांचे खूर नासतात. पावसाळ्यापूर्वी घटसर्प, फऱ्या आणि आंत्रविषार यांच्या लसी द्यावयाच्या असतात. संध्याकाळी एकेक पाखरू मोजून दार लावावयाचे असते. एक रात्र विसरले की रानमांजर विसरत नाही. २०२२ साली लम्पी रोगाने महाराष्ट्रातील गोठे हादरले, बैलबाजार बंद ठेवावे लागले; त्या दिवसांत गुरांच्या गाठींवर औषध लावीत, माश्या हाकीत रात्री जागले ते बहुतेक ठिकाणी मालक नव्हते. ते काम राखणदाराने आणि त्याच्या बायकोने केले. त्या जोडप्याला पगार मिळतो तो बंगली राखण्याचा. जनावरे त्यांच्या गळ्यात आपण मागाहून घातली, आणि पगार तेवढाच राहिला.

दिवाळीत तर ही विसंगती डोळ्यांत भरते. राखणदारासही गाव आहे, त्याचीही मुले आजोळी जावयास अधीर झालेली असतात. नेमके त्याच दिवसांत मालकाकडे पाहुणे येतात, त्याची रजा रद्द होते, आणि रात्री खुराड्याशेजारी फटाक्यांच्या माळा लागतात. घाबरलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून बसतात आणि खालच्या गुदमरून मरतात. सकाळी त्या उचलून टाकावयाचे कामही त्याचेच.

मग हौस करूच नये काय? अवश्य करावी, परंतु बेताने आणि सोबतीने. ज्यास रोज येथे राहणे शक्य नाही त्याने सहा कोंबड्यांच्या पुढे जाऊ नये. गाय किंवा शेळी हवीच असेल तर ती स्वतःच्या कुंपणात न बांधता जवळच्या शेतकरी कुटुंबाकडे निम्म्या वाट्याने पाळावयास द्यावी. खेड्यापाड्यांत ही रीत जुनी आहे. जनावर जाणत्या हाती राहते, त्या घरास दोन पैसे मिळतात, आणि मुलांना गोठा पाहावयास तर रोज मोकळीक. लसीचा दिवस वाडीने मिळून ठरवावा आणि कुपीचा खर्च हौशी माणसाने उचलावा. रुपयांत तो फार नाही. राखणदाराकडे जनावरे सोपवावयाची तर त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, आणि वर्षातून एकदा, त्याच्या सणाला, त्यास सुटी देऊन आपण स्वतः शेण काढावे. ज्यास हे जड वाटेल त्याने जनावर आणूच नये. आंब्याची झाडे अधिक लावावीत, ती आठवडाभर वाट पाहू शकतात.

आज सायंकाळी कुंपणाआडच्या अनेक गोठ्यांत निरांजने लागतील. घरची लक्ष्मी भरजरी नेसून ताट हाती घेईल, आणि राखणदाराची बायको पदर खोचून गायीचे दावे धरून बाजूस उभी राहील. आमची विनंती आहे की आज ते ताट प्रथम तिच्या हाती द्यावे. गाय तिला ओळखते. पूजा आटोपल्यावर मालकाने फक्त एवढेच पाहावे, की उद्या सकाळी पाहुणे झोपेत असताना खुराड्यातील पाण्याचे भांडे कोण भरणार आहे. आणि ते काम आजच्या दिवशी तरी आपल्याकडे मागून घ्यावे.