होन कुणाचा, हुकूम कुणाचा

म्हैसूरच्या इतिहासावर वाद पेटला की हैदरअलीचा सोन्याचा होन हटकून पुढे केला जातो. नखाएवढे नाणे. एका बाजूला शिवपार्वती बसलेले, दुसरीकडे दाणेदार पार्श्वभूमीवर हैदरच्या नावातले एकच फारसी अक्षर, ‘हे’. एक पक्ष म्हणतो, पाहा, किती उदार! दुसरा म्हणतो, हैदरचा मुलगा टिपू याने ती मूर्ती काढली, पाहा, किती कट्टर! दोघेही नाण्यावरून राजाचे अंतःकरण वाचायला निघालेत आणि दोघेही फसलेत.

तो छाप मुळात हैदरचा नव्हेच. विजयनगरात तो चालत होता, पुढे इक्केरीच्या नायकांनी चालवला. १७६३ मध्ये बिदनूर जिंकल्यावर हैदरने सराफांच्या ओळखीचा तो होन मोडला नाही, पाठीवर आपले अक्षर तेवढे ठोकले. पुण्याचा अंकुशी रुपया मोगल बादशहा शाह आलमच्या नावाने पडत होता. म्हणून पेशव्यांना कुणी मोगलभक्त म्हणत नाही. मग हैदरलाच निराळा न्याय का?

नाणे सांगते ते सत्तेचा दावा. तो सर्वांत धीटपणे टिपूने केला. खुतबा (नमाजाच्या प्रवचनात राजाचे नाव घेणे) आणि सिक्का (नाण्यावर ते उमटवणे) ही सार्वभौमत्वाची दोन लक्षणे. पुणे आणि हैदराबाद दिल्लीच्या बादशहाचे नाव वागवत असताना टिपूने ते पुसून टाकले. १७८७ पासून नाण्यांवर पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेला मौलूदी सन आला, आकडे उजवीकडून डावीकडे. रुपया झाला ‘इमामी’, दुहेरी रुपया ‘हैदरी’. हैदरच्या विजयाने अहमदाचा, म्हणजे पैगंबरांचा, धर्म जगात उजळला, असा त्या दुहेरी रुपयावरचा मजकूर. यात धर्म आहे, तो नाकारणे खोटेपणाचे होईल. पण तो धर्म स्वतःच्या घराण्याच्या विजयाला जोडलेला आहे, हे का वगळायचे? आणि तांब्याच्या पैशावर हत्ती कायम राहिला, तो का विसरायचा?

१७९९ मध्ये टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली. इंग्रजांनी हैदरपूर्वीच्या राजघराण्यातल्या तिसऱ्या कृष्णराजाला गादीवर बसवले, होनावर शिवपार्वती परतले, मागे नागरीत ‘श्रीकृष्णराज’. राजा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा! त्या छापात त्याची श्रद्धा शोधणार का? जुने घराणे परत आले, ही दवंडी होती ती.

हैदरचा होन एकटा दाखवू नका. शेजारी टिपूचा हैदरी, कृष्णराजाचा होन आणि पुण्याचा अंकुशी ठेवा, आणि मग बोला.