वाटणीत न आलेली गच्ची

व्यापारी घराचे वर्ष दोन पंचांगांवर चालते; एक हिशेबाचे आणि दुसरे मुलांच्या शाळेचे. मार्चअखेरीस खतावण्या जुळवून होतात, थोड्याच दिवसांत परीक्षाही संपतात आणि घरातील लहानांच्या हाती रिकामे दिवस येतात. महाराष्ट्रातील शाळा मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत बहुधा बंद असतात. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत येते. कापड, भांडी, सोने-चांदी यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. बी-बियाणे आणि खतांचे व्यापारी पेरणीच्या हंगामाची जुळवाजुळव करण्यात गुंतलेले असतात. मुलांना सुट्टी आणि वडिलांना उसंत नाही, असा हा काळ.

यावर अलीकडे एक उपाय रूढ झाला आहे. लग्नसराईतून कसेबसे आठ दिवस काढायचे, जैन भोजनाची सोय असलेली सहल निवडायची आणि आई, वडील व दोन मुले अशा चौघांनी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन यायचे. त्यात गैर काही नाही. नवा प्रदेश पाहावा, डोंगर-समुद्र पाहावेत, मनाला विसावा मिळावा. परंतु पूर्वी सुट्टी म्हटली की जी माणसे डोळ्यांपुढे उभी राहत, ती आजी, आत्या, मामा, चुलत आणि आते-मामे भावंडे, शेजारचे सवंगडी, त्या बेतात कोठेच नसतात. त्यांना सहलीची छायाचित्रे तेवढी पोहोचतात.

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय तृतीया, बहुधा याच सुट्टीच्या तोंडावर येते. वर्षीतपाची पारणी त्या दिवशी होतात आणि भगवान ऋषभदेवांच्या पहिल्या पारण्याची कथा पुन्हा सांगितली जाते. दीक्षेनंतर भगवान दीर्घ काळ निराहार विहार करीत राहिले. लोकांची भक्ती उणी नव्हती. कोणी हत्ती-घोडे पुढे आणी, कोणी रत्ने, कोणी उंची वस्त्रे. परंतु साधूला आहार द्यावा, ही रीतच तोवर कोणास ठाऊक नव्हती. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराला पूर्वजन्माच्या स्मरणाने ते उमगले आणि त्याने उसाचा रस अर्पण केला. सारे नगर देण्यास उत्सुक असताना योग्य वस्तू देणारा एकच निघाला. मुलांच्या सुट्टीचा विचार करणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी ही कथा एकदा या दृष्टीने आठवून पाहावी.

डोळ्यांपुढे असे एक घर आणावे. तालुक्याच्या बाजारपेठेत तशी घरे आजही आहेत. दोन भाऊ, वडिलोपार्जित कापडाचे दुकान. वडील गेल्यावर वर्षभरात वाटणी झाली. दुकानाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली आणि एका फळीचे दोन शटर झाले. वरच्या घरातही पहिला मजला थोरल्याकडे गेला, दुसरा धाकट्याकडे. आजी थोरल्याकडे राहते. गोदाम, वखारीतला माल, तिजोरी, सारे वाटणीपत्रात लिहिले गेले. वाद राहिला तो जुन्या उधारीचा. कोणती बाकी कोणी वसूल करायची यावरून दोघांत जे बिनसले, ते तीन वर्षे तसेच राहिले. एकाच छताखाली राहणारे हे भाऊ संवत्सरीला एकमेकांना मोबाईलवरून ‘मिच्छामि दुक्कडम्’चा तयार संदेश पाठवतात. जिन्यात समोरासमोर आले तर बाजूला होऊन वाट देतात.

एक गोष्ट मात्र वाटणीत आली नाही, ती म्हणजे गच्ची. जिना एकच, त्यामुळे ती कोणाच्या नावे करावी हे ठरले नाही. आजीने त्या गच्चीचाच आधार घेतला. वैशाखात दहा दिवस तिची सारी नातवंडे एकत्र राहतील, गच्चीवर निजतील, हा तिचा हट्ट दोन्ही मुलांनी मोडला नाही. थोरल्याची दोन, धाकट्याची तीन आणि माहेरपणाला आलेल्या आत्याची दोन अशी सात मुले जमतात. दुकानातील जुन्या दिवाणजींचा नातू आणि समोरच्या किराणा दुकानदाराची मुलगी ही दोघे आठव्या-नवव्या भावंडासारखी दिवसभर त्यांच्यातच असतात.

या दहा दिवसांचा क्रम कोणी भिंतीवर लिहून लावत नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारली जाते, तोवर मोठी मुले आजीशेजारी सामायिकाला बसतात. सामायिकाचा काळही तेवढाच, दोन घटिकांचा. धाकटी अर्ध्यातच पेंगतात, त्यांना कोणी रागावत नाही. मग गच्चीवर पापडांची वाळवण पडते आणि कावळे हाकलण्याचे काम सर्वांत लहानाकडे जाते. चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरात मुगाच्या वड्या आणि सांडगे यांची बेगमी याच उन्हात होते. पाणी गाळण्याचे फडके कसे धुवावे, उकळलेले पाणी कोणत्या हंड्यात निववावे, हे मुले पाहून शिकतात. आंब्याची मोजदाद तर त्यांना तोंडपाठ असते. २२ जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागले की या घरात आंबा बंद होतो. म्हणून रोजच्या आमरसाला एक घाई असते आणि त्या घाईमुळे गोडीही वाढते. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याचा आजीचा नियम शहरातून आलेल्या नातवाला पहिल्या दिवशी विचित्र वाटतो. तिसऱ्या दिवशी तो ताटात मोजकेच वाढून घेऊ लागतो.

सर्वांत समृद्ध वेळ असतो संध्याकाळनंतरचा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि त्यापूर्वी सारी पंगत उठलेली असते. चौविहाराचे पच्चक्खाण झाले की खाणे-पिणे उरत नाही. इतरत्र रात्र जेवणात आणि त्याच्या आवराआवरीत सरते; येथे ती मोकळी असते. गाद्या अंथरायच्या, दिवसभराचे ऊन प्यालेली फरशी निवण्याची वाट पाहायची आणि बोलत राहायचे. रात्रिभोजनत्यागाचा शास्त्रीय अर्थ जीवदयेचा आहे. कुटुंबाला मात्र त्यातून रोजचे तीन तास सहवासही मिळतो, हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

अशाच एका रात्री आत्या मुलांना भरत-बाहुबलींची कथा सांगते. राज्यासाठी समोरासमोर आलेले दोघे भाऊ, उगारलेली मूठ आणि त्याच क्षणी आलेले वैराग्य. उगारलेला हात मग भावावर पडला नाही, त्या हाताने केशलोच झाला. श्वेतांबर परंपरेत कथा तेथे थांबत नाही. बाहुबलींचे अठ्ठ्याण्णव धाकटे भाऊ त्यांच्याआधी दीक्षित झाले होते. भगवंतांकडे गेले तर वयाने लहान असलेल्या त्या भावांना वंदन करावे लागणार, एवढ्या एका विचारासाठी ते वर्षभर जागच्या जागी ध्यानस्थ उभे राहिले. वेली पायांवर चढल्या, पक्ष्यांनी घरटी केली, तरी केवलज्ञान होईना. अखेर ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि त्यांनी भावाला हत्तीवरून खाली उतरण्यास सुचवले. हत्ती म्हणजे अभिमान, हे बाहुबलींना कळले. वंदनासाठी त्यांनी पाऊल उचलले मात्र, आणि केवलज्ञान प्रकटले. दिगंबर परंपरेत या प्रसंगाचा तपशील वेगळा आहे. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या २८ फूट उंच मूर्तीसमोर सुट्टीत मुलांना घेऊन उभे राहणारे पालकही अखेर दोन भावांचीच गोष्ट सांगत असतात.

थोरल्याचा मुलगा कथा ऐकून विचारतो, “मग जिंकलं कोण?” आत्या म्हणते, “ते मोजत होता, तोवर तर उभाच होता ना तो!” मुले हसतात आणि झोपी जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्याच्या दुकानात लग्नाच्या बस्त्यासाठी एक मोठे कुटुंब बसलेले असते. नवरीच्या आजीला विशिष्ट वांगी रंगाची नऊवारी हवी असते. कपाट रिकामे होते, गादीवर लुगड्यांचा ढीग साचतो, पण तो रंग काही निघत नाही. पाणी देण्यास आलेला धाकट्याचा मुलगा सहज म्हणून जातो, “आमच्या दुकानात आहे, आणतो.” कोणी काही म्हणण्याआत तो एका शटरखालून निघून दुसऱ्या शटरखाली शिरतो आणि दोन नऊवाऱ्या खांद्यावर टाकून परततो. गिऱ्हाइकापुढे नाही म्हणणे शोभणारे नसते. त्यातली एक पसंत पडते आणि चिठ्ठीवरच्या किमतीप्रमाणे पैसे थोरल्याच्या गल्ल्यात येतात.

संध्याकाळी ती रक्कम पाकिटात घालून थोरला पुतण्याला हाक मारतो. आत्या जवळच बसलेली असते. ती एवढेच म्हणते, “दादा, रोकड पोराच्या हाती द्यायची नाही, हा बाबांचा नियम. तुम्हीच नेऊन द्या.”

भिंतीपलीकडचे दुकान बारा पावलांवर असते. थोरला तेथे जातो, पाकीट गादीवर ठेवतो आणि म्हणतो, “मोजून घे.” धाकटा मोजत नाही. तो उठून उभा राहिलेला असतो. “बसा ना दादा,” तो म्हणतो आणि नोकराला पन्हे आणायला पाठवतो. सूर्य मावळायला अजून थोडा अवकाश असतो. जुन्या उधारीचा विषय त्या दिवशी निघत नाही. दोघे फक्त यंदाच्या मालाच्या भावाविषयी बोलतात.

अशा घटना योजून घडवता येत नाहीत. त्या घडण्यास जागा मात्र ठेवता येते. वाटणी झाली नसती तरच बरे, असे म्हणण्यात अर्थ नाही. व्यवहार वाढला की वाटणी होते आणि वेळेवर झालेली वाटणी पुष्कळदा नाती वाचवते. ज्याने नऊवारी आणली त्या मुलाला भिंत दिसत नव्हती, कारण आदल्या रात्री तो भिंतीपलीकडच्या भावाशेजारीच निजला होता. वर्षातून दहा दिवस तरी मुले अशी एकत्र निजली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती भिंत जन्मापासूनची वाटेल.

सोबत केवळ रक्ताची नसावी. याच घराचा एक शेतकरी स्नेही आहे. त्याचे आजोबा या दुकानातून उधारीवर कापड नेत आणि सुगीनंतर बाकी फेडीत. दहा दिवसांतला एक दिवस मुले त्याच्या अमराईत जातात. त्या दिवशी त्याच्या घरी कांदा-लसूण चुलीजवळ येत नाही आणि त्याची म्हातारी आई ऊन उतरताच स्वतः घाई करते, “दिवस बुडायच्या आत जेवा रे पोरांनो.” आपला नियम परक्या घराने जपलेला पाहणे, हा मुलांच्या मनावर होणारा फार खोल संस्कार आहे. दुसऱ्यांच्या नियमांविषयीचा आदरही त्यातूनच रुजतो.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक होऊ नये. वीस माणसांचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी सिद्ध करणे सोपे नाही. ज्या सुट्टीत घरच्या सुना पहाटेपासून चुलीशी उभ्या राहतात, ती त्यांची सुट्टी नव्हेच. आजीच्या घरी जमणे मागे पडले, त्याचे हेही एक खरे कारण आहे. म्हणून काही गोष्टी आधी ठरवाव्यात. रोजचे पदार्थ मोजके असावेत. पाहुण्यांना शोभेल असा बेत एखादाच. वाढणे, पाणी भरणे, गाद्या घालणे ही कामे मुलांकडे आणि पुरुषांकडे असावीत, त्यांत मुलगा-मुलगी हा भेद नसावा. आत्या माहेरी येते, तशी सुनांनाही माहेरी जाण्यासाठी तितकेच दिवस मोकळे ठेवावेत. दुकानाचे काम भावांनी पाळीपाळीने पाहावे, म्हणजे प्रत्येकाला निदान दोन संध्याकाळी गच्चीवर येता येईल. सहल हवी असेल तर ती या दहा दिवसांनंतर करावी आणि जमल्यास एखाद्या चुलत भावंडाला सोबत न्यावे.

दहा दिवस संपतात. वाळलेले पापड डब्यांत भरले जातात, आत्या गाडीत बसते, शहरातला नातू जाताना डोळे पुसतो. दुकानातली भिंत होती तेथेच असते. परंतु त्या वर्षी भाद्रपदात संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपल्यावर धाकटा मोबाईल खिशातच ठेवतो आणि एक मजला उतरून थोरल्याच्या दारात जातो. दार उघडेच असते.