विश्लेषण : मांजरांचं कच्चं खाद्य घेताना पाकिटावर काय वाचायचं?

‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘धान्य नाही’, ‘माणसांनी खाण्याच्या दर्जाचं मांस’. मांजरांच्या गोठवलेल्या कच्च्या खाद्याच्या जाहिरातींत हे शब्द हमखास दिसतात. पुण्यातही असं खाद्य ऑनलाइन मागवता येतं. पण या शब्दांवरून दोन गोष्टी कळत नाहीत: हे खाद्य मांजराला पुरेसं आहे का? आणि त्यातले जंतू मारले आहेत का?

मांस आहे, मग कमी काय पडतं?

मांजर पक्कं मांसाहारी आहे, हे खरंच. पण उंदीर खाणाऱ्या मांजराला हाडांतून कॅल्शियम मिळतं, बोनलेस चिकन खाणाऱ्याला नाही. दुसरा घटक टॉरीन. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय कमकुवत होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं. टॉरीनअभावी दृष्टीही जाऊ शकते. उलट कलेजी रोज जास्त दिली, तर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडांचे विकार होतात.

यादी कशी वाचायची?

टॉरीन, आणि हाडांचा चुरा किंवा अंड्याच्या कवचाची पूड असा कॅल्शियमचा स्रोत आहे का, ते पाहा. खाद्य ‘संपूर्ण व समतोल’ आहे की ‘पूरक’, तेही पाहा. पूरक खाद्य रोजचं जेवण म्हणून चालत नाही. कांदा-लसूण कोणत्याही रूपात असेल, तर पाकीट परत ठेवा.

प्रथिनांच्या आकड्याला फसू नका. कच्च्या खाद्यात प्रथिनं १५ टक्के आणि पाणी ७० टक्के असेल, तर कोरडा भाग उरतो ३० टक्के. म्हणजे त्यात निम्मी प्रथिनं. कोरड्या खाद्यावर ३२ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी लिहिलं असेल, तर हाच हिशेब साधारण ३६ टक्के येतो.

फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत का?

नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचं निदान झालं आणि कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाल्याचा संशय व्यक्त झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, घराबाहेर न जाणारं एक मांजर टर्कीचं गोठवलेलं कच्चं खाद्य खाऊन दगावलं. खाद्यातला आणि मांजरातला विषाणू तंतोतंत जुळला.

धोका माणसांनाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले, तेव्हा काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. तेव्हा मुख्य संशय पाण्यावर होता. पण हा जिवाणू कच्च्या कोंबडीतही सर्रास आढळतो. तीच कोंबडी मांजराच्या ताटलीतून आपल्या ओट्यावर येते.

तपासणी कोण करतं?

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या ‘अन्ना’च्या व्याख्येत पशुखाद्य येत नाही. त्यामुळे ‘माणसांच्या दर्जाचं’ या दाव्याचा पुरावा ग्राहकालाच मागावा लागतो.

मग काय करायचं?

कंपनीला तीन प्रश्न विचारा: खाद्याचा फॉर्म्युला पशुआहारतज्ज्ञाने तयार केला आहे का? प्रत्येक बॅचची साल्मोनेलासाठी चाचणी होते का? जंतू कमी करायला उच्च दाबाची किंवा दुसरी कोणती प्रक्रिया केली आहे? स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर ते खाद्य घेऊ नका.

घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील, तर शिजवलेलं खाद्यच बरं. मांस आतपर्यंत ७० अंशांना शिजलं, की बर्ड फ्लूचा विषाणू मरतो. मात्र शिजवलेल्या चिकनमध्येही टॉरीन आणि कॅल्शियम वेगळं घालावं लागतं. त्याचं प्रमाण पशुवैद्यांना विचारून ठरवा. आणि शिजवलेली हाडं मांजराला कधीच देऊ नका.