आरएक्सचा आवाज, एबीएसचा ब्रेक

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी आरएक्स १०० येऊन लागली की पाच मिनिटांत तिच्याभोवती चार जण जमतात. शेजारी तिच्या जवळपास चौपट ताकदीची ४०० सीसीची नवीकोरी गाडी उभी असते, पण तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग तो कधीच न संपणारा वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, ‘जुन्या गाडीत जो जीव आहे तो आजच्या प्लास्टिकमध्ये नाही.’ दुसरा म्हणतो, ‘जीव गाडीत असून काय उपयोग? वेळेवर थांबली नाही तर तुझा जाईल.’

खरं सांगायचं तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. आणि आपण भांडतो ते बहुतेक वेळा चुकीच्या अर्ध्यावर.

आधी थोडा हिशोब. आरएक्स १०० भारतात आली १९८५ मध्ये आणि बंद झाली १९९६ मध्ये. मैसूरची येझदीही त्याच वर्षी थांबली. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या आपल्यापैकी कुणीही या गाड्या शोरूममध्ये पाहिलेल्या नाहीत. बाबांचे जुने फोटो, मामाच्या गोष्टी आणि रील्स एवढ्यावर आपलं प्रेम उभं आहे. कंपन्यांना हे बरोबर कळलंय. रॉयल एनफिल्डनं २००९ मध्ये ‘क्लासिक’ आणली, २०१८ मध्ये जावा परत आली, २०२२ मध्ये येझदी. बजाजच्या चाकणच्या प्लांटमधून २०२३ पासून ट्रायम्फ हे ब्रिटिश नाव लावलेली गोल हेडलाइटची गाडीही बाहेर पडतेय. बाहेरून सगळं आजोबांच्या काळातलं. आत मात्र फ्युएल इंजेक्शन, सेल्फ स्टार्ट आणि एबीएस. यात फसवणूक नाही, दिसणं जुनं हवं असेल तर खुशाल घ्या. फक्त आपण काय विकत घेतोय हे माहीत असावं.

मग जुन्या गाडीचं खरं मोल कशात आहे? माझ्या मते, ती समजते यात. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, टू-स्ट्रोक, वरती व्हॉल्व्ह नाहीत, हलणारे भाग मोजकेच. गाडी बंद पडली की बघायचं काय? पेट्रोल येतंय का, प्लगला ठिणगी पडतेय का, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय का. पाना आणि काचकागद एवढ्यावर ती पुन्हा चालू होऊ शकते. जावा-येझदीला तर किक आणि गिअरचा दांडा एकच. हे ज्यानं स्वतः केलंय त्याला गाडी नुसती चालवता येत नाही, तिचं म्हणणंही ऐकू येतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला स्पेअर पार्टसाठी फिरणारी पोरं पाहा. बंद झालेल्या गाडीचा एक पार्ट शोधताना ती जे शिकतात, ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आता दुसरी बाजू. आरएक्सला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक होता. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ठीक. पण पहिल्या पावसात ताम्हिणीच्या वळणावर समोर अचानक ट्रक आला आणि तुम्ही ब्रेक दाबलात, की चाक लॉक होतं आणि गाडी घसरते. एबीएस तेच होऊ देत नाही. चाक लॉक व्हायला लागलंय हे सेन्सर ओळखतो, आणि ब्रेक एका सेकंदात कितीतरी वेळा सोडला-दाबला जातो. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. आपल्या वयाची मुलं यात किती असतील, याचा अंदाज कुणालाही येईल.

धुराचंही तसंच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि पेट्रोलसोबत ऑइलही जळतं. तो निळसर धूर फोटोत भारी दिसतो. सिग्नलला मागे स्कूटीवर थांबलेल्या मुलीला तो भारी वाटत नाही. बीएस ६ चे नियम एप्रिल २०२० मध्ये उगाच आले नाहीत.

म्हणून ‘जुनी की नवी’ हा प्रश्नच मला बाद वाटतो. जुन्या गाडीकडून आपण नेमकं काय उचलतोय, हा खरा प्रश्न आहे. आणि इथे आपल्या पिढीवर माझा राग आहे. आपण उचललाय फक्त आवाज. नव्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढायचा, फटाके फोडणारा लावायचा, रात्री अकराला गल्लीतून दोन चकरा मारायच्या आणि याला ‘क्लासिकची आवड’ म्हणायचं. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यावर रोड रोलर फिरवतात तेव्हा मला अजिबात वाईट वाटत नाही. ज्याला खरंच जुन्या गाडीचं वेड आहे, तो तिचा मूळ सायलेन्सर मिळावा म्हणून गावं पालथी घालतो.

उचलायला हवी होती ती समज. तीच आता हातातून चाललीय. नव्या गाडीत दिवा लागला की गल्लीतला गॅरेजवाला हात वर करतो. त्याच्याकडे स्कॅनर नसतो, कंपनीचं मॅन्युअल नसतं. तीस वर्षं इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस आता फक्त ऑइल बदलतो आणि पंक्चर काढतो. आपण शोरूमला जातो, जॉब कार्डवर सही करतो आणि संध्याकाळी बिल भरतो. नक्की काय बदललं, ते विचारतही नाही.

यासाठी ड्रम ब्रेककडे परत जायची गरज नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकांना आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळू द्यावेत, हा त्यामागचा विचार. ही मागणी आपण लावून धरायला हवी. गाड्यांचा मोठा ग्राहक आपणच आहोत. शोरूममध्ये ‘कलर कुठले आहेत?’ विचारतो, तसंच ‘बाहेर दुरुस्त होईल का?’ आणि ‘एबीएस दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या?’ हेही विचारलं तर उत्तरं बदलतील.

आणि ज्यांना जुनी गाडी घ्यायचीच आहे त्यांनी जरूर घ्यावी. फक्त रील बघून लाखभर रुपये मोजण्याआधी चार गोष्टी बघा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतोय का? पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का? पीयूसी निघते का? आणि सगळ्यात आधी, पुढचा ब्रेक नीट लागतो का? इंजिन नंतर बांधता येतं. ब्रेकचं काम मात्र गाडी रस्त्यावर आणण्याआधीच करून घ्या.

नवी असेल तर या रविवारी एवढंच करा. ओनर्स मॅन्युअल उघडा, प्लग कुठे आहे ते शोधा, चेनचा ताण बघा, टायरमधली हवा स्वतः तपासा. गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना एक कटिंग पाजा आणि बाजूला उभं राहून ते काय करतात ते बघा. विचाराल तेवढं सांगतील. त्यांनाही विचारणारं कुणी भेटून बरेच दिवस झालेत.