दिवाळी लवकर सुरू केली की तिची गोडी जाते का?



'माझा आवडता सण' हा निबंध आपण दरवर्षी वर्गात घेतो. बहुतेक लेकरं दिवाळीच निवडतात. पूर्वी निबंधाची सुरुवात ठरलेली असायची : सहामाही परीक्षा संपते, थंडी पडू लागते, आई फराळ करते. अलीकडे मात्र एका चौथीच्या मुलाच्या वहीत पहिलंच वाक्य होतं, 'दिवाळी जवळ आली की मोबाईलवर सेल लागतो.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरी माझा लाल पेन त्या वाक्यावर बराच वेळ थांबला. त्यातूनच हा प्रश्न पडला. सणाची तयारी फार लवकर सुरू केली, तर सणाची गोडी जाते का?

२०२५ चंच उदाहरण घ्या. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. ऑनलाइन कंपन्यांचे सणाचे सेल घटस्थापनेच्या आठवड्यातच सुरू झाले. म्हणजे दिवाळी महिनाभर लांब असताना ती मोबाईलवर येऊन बसली. त्याच दिवसांत आपल्या धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी चालू होती. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, नदीकाठची माती वाहून गेली होती. घरात वडील नुकसानीचा हिशोब मांडत होते आणि लेकराच्या हातातला मोबाईल दर दहा मिनिटाला सांगत होता की दिवाळी आली, खरेदी करा.

आपल्या कळंब तालुक्यात दिवाळीची खरेदी सोयाबीनवर चालते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी रास होते, मग माल आडतीवर जातो, पट्टी हातात येते आणि मग लेकरांचे कपडे. हे शेताचं वेळापत्रक आहे. बाजाराचं वेळापत्रक त्याच्या महिनाभर आधी धावतं. या दोन्हींच्या मधल्या महिन्यात लेकरू रोज मागतं आणि बाप रोज 'बघू' म्हणतो. शेवटी कपडे येतात, पण तोपर्यंत दोघंही थकलेले असतात. मला वाटतं, सणाची गोडी जाते ती इथे.

मग तयारी लवकर करूच नये का? तसंही नाही.

माझी आजी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी शेव-चकल्या करून ठेवायची. पितळी डबे भरायचे आणि फळीवर जायचे. खालून वास यायचा, पण नैवेद्य दाखवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम. आम्ही भावंडं रोज त्या फळीकडे बघायचो. आता कळतं, त्या आठ दिवसांत आम्ही दिवाळीच जगत होतो. फराळ लवकर झाल्यानं काही बिघडलं नाही. झाकण लवकर उघडलं असतं, तर बिघडलं असतं.

तुळजापूरला बघा. नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून, तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. देवीची ही मंचकी निद्रा घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत चालते. म्हणजे एवढा मोठा उत्सव तोंडावर आलेला असताना देवी मात्र विश्रांती घेते! तयारी तेव्हाही थांबत नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, नवा पलंगही त्याच भागातून गावोगाव मुक्काम करत येतो. त्यांची तयारी आणि प्रवास कितीतरी आधी सुरू होतो. पण घट ठरलेल्या तिथीलाच बसतो आणि सीमोल्लंघन दसऱ्यालाच होतं. काम आधी आणि सण वेळेवर, ही रीत आपल्याच जिल्ह्यात शेकडो वर्षं चालत आली आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याच सणांचा नाही. युरोप-अमेरिकेत नाताळच्या आधी दीड-दोन महिने दुकानं सजतात आणि लोक दरवर्षी त्यावर कुरकुर करतात. पण खुद्द ख्रिस्ती परंपरेत नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा 'आगमनकाळ' असतो. आपल्या वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातही तो पाळला जातो. चर्चमध्ये चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. चौथी पेटली की नाताळ जवळ आला. वाट पाहणं हाही सणाचा भाग आहे, हे तिथंही ओळखलेलं आहे.

इथपर्यंत माझं मत सरळ होतं : तयारी हवी तेव्हा करा, सण मात्र त्याच्या दिवशीच. पण वर्गातल्या एका मुलीनं मला त्यात दुरुस्ती करायला लावली.

गोष्ट २०२३ ची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू होणार होता. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. मी वर्गात आकाशकंदील कधी करायचा ते सांगत होतो. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, असं माझं ठरलं होतं. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तवर आमी नसू. मुकादमाची गाडी सोमवारी येणार हाय."

तिच्यासोबत आणखी तीन लेकरं जाणार होती. मग आम्ही शनिवारीच कंदील केला. मातीच्या पणत्या केल्या, घरोघरून थोडं थोडं तेल आलं, चिवडा आला. भर सकाळी पणत्या लावल्या. त्या मुलीनं आपली पणती कागदात गुंडाळली आणि कोपीवर न्यायची म्हणून दप्तरात ठेवली. कॅलेंडरप्रमाणे ती दिवाळी दोन आठवडे आधी झाली होती. ती बिघडलेली दिवाळी होती, असं कोण म्हणेल?

तेव्हापासून मला वाटतं की लवकर की उशिरा, हा खरा प्रश्नच नाही. कुणासाठी लवकर, हे विचारायला हवं. दुकानाला माल खपवायचा आहे म्हणून सण महिनाभर आधी आणला, तर लेकराच्या हाती फक्त मागणं येतं. पण कुणी दूर जाणार आहे, कुणी त्या दिवशी नसणार आहे, म्हणून सण आधी केला, तर तो आपुलकीनं केलेला असतो. त्यानं सण लहान होत नाही. सैन्यातला मुलगा सुट्टीवर आला की कितीतरी घरांत दिवाळीआधीच लाडू होतात. तिथं तिथी कुणी बघत नाही.

आता थोडं आपल्या कामाचं. मी वर्गात तीन गोष्टी पाळतो. तुम्हाला पटल्या तर करून बघा.

एक, दिवाळीची तयारी एका दिवसात उरकत नाही. एक दिवस माती मळायची, एक दिवस पणत्या करायच्या, त्या वाळू द्यायच्या, मग रंगवायच्या. पेटवायच्या मात्र शेवटी, सगळ्यांनी मिळून. हस्तकला होते आणि वाट पाहण्याची सवयही लागते.

दोन, दसऱ्यानंतर लगेच वर्गात विचारून घेतो की दिवाळीत गावात कोण नसणार आहे. त्यांच्या तारखेप्रमाणे वर्गाची दिवाळी ठरते.

तीन, सुट्टीनंतर मी 'दिवाळीत काय घेतलं?' असं विचारत नाही. त्या प्रश्नाला निम्मा वर्ग खाली बघतो. मी विचारतो, 'दिवाळीत तू काय काम केलंस?' मग कुणी अंगण सारवल्याचं सांगतं, कुणी शेणाच्या गवळणी केल्याचं, कुणी लव्हाळ्याची दिवटी करून गाई-म्हशी ओवाळल्याचं. कुणी म्हणतं, "मी आईला सोयाबीन गोळा करू लागलो." प्रत्येकाकडे उत्तर असतं. निबंधही या उत्तरांतूनच चांगला होतो.

पालकांना एकच विनंती. पट्टी हातात यायच्या आधी मोबाईलवर काही दाखवून 'हे घेऊ आपण' असं लेकरांना म्हणू नका. त्यापेक्षा त्यांच्या हातात माती द्या, झाडू द्या, करंजी मुरडायला द्या. ही तयारी कितीही लवकर सुरू झाली तरी चालेल.

त्या 'सेल लागतो' लिहिणाऱ्या मुलाच्या वाक्यावर मी शेवटी लाल रेघ मारली नाही. बाजूला फक्त लिहिलं, 'आणि तुझ्या घरी काय सुरू होतं?' दुसऱ्या दिवशी तो पानभर लिहून घेऊन आला.

तुमच्या वर्गातही हा प्रश्न विचारून बघा.