राजहंस पाळा, पण त्याचा इमू करू नका

परवा एक जण बांधावर आला. म्हणे, राजहंसाच्या जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच विकत घेऊ. मी विचारलं, "दादा, मांसाला तयार झालेला पक्षी घेता का?" गडी गप्प.

इमूच्या वेळीही हेच झालं होतं. मांसाला गिऱ्हाईक नाही, सगळा धंदा पिल्लं विकण्याचा. साखळी तुटली आणि शेडमध्ये उपाशी पक्षी उरले, डोक्यावर कर्ज.

राजहंस वाईट नाही हो, पण तो ब्रॉयलर नव्हे. मादी वर्षाला साधारण 30 ते 50 अंडी देते, तीही हंगामातच; पहिल्या वर्षी कमीच. पिल्लू निघायला 30 दिवस. हा हिशोब शेडचा नाही, परसाचा आहे. एक नर, तीन माद्या, हरळीचा बांध, डोकं बुडेल एवढं पाणी. पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्य, मग गवतावर सोडा. पोत्यावरच वाढवाल तर नफा खाद्यवाल्याचा.

आधी मांस घेणारी पाच घरं पक्की करा, मगच जोडी आणा. पिल्लं विकणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.