व्याजात सवलत आहे, पण मोटर तपासणार कोण?

चांदूर रेल्वे भागातल्या डाळ मिल, जिनिंगमध्ये मोटर जळली की रिवाइंड करून पुन्हा बसवतात. तेवढ्यापुरते ते स्वस्तच पडते. पण १० एचपीच्या अशा मोटरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांवर आली असेल, तर पूर्ण भारावर १० तासांत ती नव्या आयई-३ मोटरपेक्षा सुमारे ५ युनिट जास्त खाते. हंगामभराचे किती झाले?

केंद्राने जुलै २०२५ मध्ये १,००० कोटींची योजना आणली. वीज वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म व लघुउद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत. ऊर्जा लेखापरीक्षणालाही मदत आहे, हे बरेच. पण लहान मिलवाल्याला कर्जाआधी कोणती मोटर बदलायची, ते कळायला हवे. त्यासाठी तपासनीस तुरीचा हंगाम सुरू होण्याआधीच तालुक्यात यायला हवा.